ग्लुटेनमुक्त बीफ स्ट्यू: रस्सा दाट कशाने करायचा आणि कशापासून जपायचं

लेकीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते, हे कळलं त्याला आता चार वर्षं झाली. आधी रक्ताची तपासणी, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गहू, जव आणि राय कायमचं बंद. (राय म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य. हे मला पुढे कितीतरी जणांना समजावावं लागलं.) रिक्षातून घरी येताना पोर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, नाताळच्या स्ट्यूचं काय?"

आम्ही वसईचे. नाताळच्या दिवशी चर्चमधल्या मिस्साहून (प्रार्थनेहून) घरी आलं की चुलीवर स्ट्यू तयार असतो, हे तिने जन्मापासून पाहिलेलं. माझ्या आईची पद्धत अशी: मांसाचे तुकडे मैद्यात घोळवायचे, तेलात खरपूस करायचे, मग कांदा, मसाला, व्हिनेगर, गाजर, बटाटे. त्या मैद्यानेच रस्सा दाट व्हायचा. बरोबर पाव, नाहीतर फुगे (तळलेले गोल, फुगीर पाव), तेही मैद्याचेच.

या चार वर्षांत मैद्याच्या जागी जे जे म्हणून घालता येतं ते सगळं घालून झालं. कोणाच्या घरी आज हाच प्रश्न उभा असेल तर त्यांना निवड करता यावी म्हणून हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. मैद्याला पर्याय शोधणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. पोरीला त्रास झाला तो मैद्याने नाही, मसाल्याने झाला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, ते वगळू नका.

मांस

महाराष्ट्रात गायीची कत्तल आधीपासून बंद होती, 2015 पासून बैल आणि वळू यांचीही बंद आहे. इथे बीफ म्हणून जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. गोव्यात बैलाचं मिळतं आणि परदेशात राहणाऱ्यांना गोवंशाचंच मिळतं. स्ट्यूच्या दृष्टीने फरक एवढाच की म्हशीचं मांस जास्त गडद असतं, त्यात चरबी कमी असते आणि जनावर वयाचं असेल तर धागा जाड असतो. त्याला वेळ जास्त द्यावा लागतो. चव मात्र कुठेही कमी पडत नाही.

कुठलंही असो, अंडरकट घेऊ नका. तो महाग भाग पटकन शिजतो आणि स्ट्यूमध्ये कोरडा पडतो. खांद्याचं किंवा पायाच्या पोटरीचं मागा, आणि मांसवाल्याकडून नळीची दोन हाडं फोडून घ्या. या भागांत जो चिवट पांढरा पडदा असतो तोच तासन् तास मंद शिजल्यावर विरघळून रश्शाला अंग देतो. पीठ लागणार की नाही हे खरं तर मांसवाल्याच्या दुकानातच ठरतं.

कुकर की पातेलं?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण दाट करायला काय लागेल हे यावर अवलंबून आहे.

कुकरमध्ये वेळ वाचतो. पहिली शिटी झाली की गॅस बारीक करून म्हशीच्या मांसाला 40 मिनिटं धरा, परदेशातल्या गोवंशाच्या मांसाला 30 ते 35 पुरतात. पण बंद भांड्यात पाणी आटत नाही. जितकं घातलं जवळजवळ तितकंच राहतं, वर मांसाचं आणि भाज्यांचं पाणी सुटतं. म्हणजे कुकरचा स्ट्यू चवीला चांगला झाला तरी पातळ होतो आणि त्याला काहीतरी लावावंच लागतं. जे लावाल ते झाकण उघडल्यावर लावा. आधी पीठ घातलं तर ते बुडाला बसून करपतं. रात्रभर चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्लो कुकरचंही असंच आहे, त्यातही पाणी आटत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात म्हशीच्या मांसाला अडीच-तीन तास लागतात. झाकण किंचित तिरकं ठेवायचं, रस्सा खदखदू द्यायचा नाही, कडेने फक्त एखादा बुडबुडा यायला हवा. ज्यांच्याकडे मोठा ओव्हन आहे त्यांनी 150 ते 160 अंश सेल्सियसवर झाकलेलं भांडं तितकाच वेळ ठेवावं. पातेल्यात रस्सा हळूहळू आटत जातो आणि मांसातला चिकटपणा त्यात उतरतो. सुट्टीचा दिवस असेल तर मी पातेलंच चढवते. शाळा-ऑफिसच्या दिवशी कुकर.

मांस परतताना पीठ लावायची गरजच नाही हे मला या निमित्ताने कळलं. पीठ लावलेलं असलं की भाजलं जातं ते पीठ, मांस नाही. तुकडे स्वच्छ फडक्याने कोरडे टिपायचे, भांडं चांगलं तापवायचं आणि एका वेळी मूठभरच टाकायचे. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मांस राखाडी होऊन उकडतं. थोडे थोडे टाकले तर बुडाला जो तपकिरी थर धरतो, तो कांदा आणि व्हिनेगर घालून खरवडून घ्यायचा. आमच्या आईच्या स्ट्यूचा जो रंग मला मैद्याचा वाटायचा, तो या थराचा होता.

एक स्ट्यू, सात वाट्या

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी दीड किलोचा स्ट्यू केला आणि काहीही न लावता रस्सा गाळून घेतला. पावणेदोन लिटर भरला. सात वाट्या, प्रत्येकीत पाव लिटर. सहा छोट्या भांड्यांत सहा प्रकारे दाट केला, सातवा नुसता आटवला. लगेच चाखला, दुसऱ्या दिवशी गरम करून चाखला आणि थोडा थोडा फ्रीझरमध्ये ठेवून आठवड्याने पुन्हा चाखला.

कॉर्नफ्लोअर सगळ्यात झटपट. एक मोठा चमचा गार पाण्यात कालवून उकळत्या रश्शात ओतला, मिनिटभरात दाट. पण चकाकी येते, जिभेवर गुळगुळीत लागतं. चायनीज सूप म्हणून ठीक, स्ट्यू म्हणून परका वाटतो. फ्रीझरमधून काढल्यावर मात्र वाटी बघवत नव्हती: पाणी वेगळं, गाळ वेगळा. घाईच्या दिवशी, त्याच जेवणात संपणार असेल तर घ्या. अमेरिकेतल्या वाचकांसाठी: आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो त्याला तिकडे कॉर्नस्टार्च म्हणतात. तिकडचं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं बारीक पीठ, त्याने हा परिणाम येत नाही.

तांदळाचं पीठ मैद्याच्या सगळ्यात जवळचं. पाव लिटरला दोन मोठे चमचे, गार पाण्यात कालवून, आणि मग आठ-दहा मिनिटं मंद शिजवणं आवश्यक. त्याआधी चाखलं तर कच्चट लागतं आणि माणूस उगाच नाराज होतो. चमक येत नाही, रस्सा मऊ आणि अंगचा दाट दिसतो. दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट होतो, अर्धी वाटी गरम पाणी घातलं की पुन्हा सैल. फ्रीझरमध्ये थोडं पाणी सुटलं, पण ढवळल्यावर एकजीव झालं. सासूबाईंना न सांगता ही वाटी पुढे केली तर म्हणाल्या, "हा आपला नेहमीचाच ना?"

आरारूट आपल्याकडे पोट बिघडलं की खीर करून देतात तेच. याने रस्सा पारदर्शक राहतो, मांसाची चव जराही झाकली जात नाही. पण नाजूक. दाट झाल्यावर गॅसवर तसंच ठेवलं तर पुन्हा पातळ होतं, आणि दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर तेच झालं. स्ट्यू हा मुळात दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागणारा पदार्थ, त्यामुळे माझ्या यादीतून आरारूट गेलं.

साबुदाणा मिक्सरवर बारीक करून. एक सपाट मोठा चमचा पुरतो, पण भांड्यात पंधरा मिनिटं तरी शिजू द्या. थोडी तार येते, ती काहींना आवडत नाही. फ्रीझरच्या परीक्षेत मात्र हाच पहिला आला, आठवड्यानंतरही जसाच्या तसा. एकदाच मोठं भांडं करून डबे भरून ठेवणाऱ्यांनी, होस्टेलवर किंवा परदेशी एकटं राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ज्वारीचं पीठ मी कोणतीही अपेक्षा न ठेवता घेतलं होतं. आधी कोरडंच तांबूस भाजलं, मग दोन चमचे. रंग गडद झाला आणि जरा मातकट, भाकरीसारखा वास आला. म्हशीच्या मांसाला तो शोभून दिसला. जिभेला किंचित रवाळ लागतं. पोरीला आवडलं, तिच्या भावाला नाही.

बटाटा. स्ट्यूमधलाच शिजलेला अर्धा बटाटा काट्याने पूर्ण मोडून रश्शात मिसळायचा. जुना, पिठूळ बटाटा हवा, नवा चिकट होतो. वेगळं काही विकत आणायला नको, डबा उघडायला नको, गिरणीचा प्रश्न नाही. फ्रीझरमध्ये मात्र बटाट्याचे तुकडे खरखरीत होतात, म्हणून गोठवायचा असेल तर बटाटे नंतर ताजे घाला.

सातवी वाटी नुसती आटवलेली. पाव लिटरचा निम्म्याहून थोडा जास्त उरला. गरम असताना ती इतरांइतकी दाट दिसली नाही, पण ओठाला ओठ चिकटतील असा रस. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढली तर थरथरणारी जेली झाली होती, चमचा उभा राहिला. गरम केली की पुन्हा रस. हे हाडांचं आणि पोटरीच्या मांसाचं काम, आणि ते अंडरकटने कधीच होत नाही. आटवताना मीठ शेवटी घाला, नाहीतर खारट होतो.

इंग्लंड-अमेरिकेत जी तयार ग्लुटेनमुक्त पिठं मिळतात त्यांतल्या काहींत झँथन गम (चिकटपणा आणणारा एक डिंकासारखा पदार्थ) असतो. केकला तो बरा, कारण तिथे गव्हाच्या चिकटपणाची जागा भरायची असते. स्ट्यूमध्ये तो बुळबुळीतपणा आणतो. पाकिटावर घटक वाचून बिनगमाचं घ्या, नाहीतर सरळ तांदळाचं पीठ.

जिथे आम्ही चुकलो

पहिल्या नाताळला मी मैदा वगळला, पाव वेगळ्या टेबलावर ठेवला, भांडी घासूनपुसून घेतली. तरी दुसऱ्या दिवशी पोर पोट धरून बसली. दोन दिवस आम्ही विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी मी मसाल्याची बाटली हातात घेतली आणि उन्हाळ्यात आईच्या अंगणात आम्ही सगळ्याजणी बसून काय काय भाजलं होतं ते आठवत गेले: मिरच्या, धणे, तीळ, खसखस, हळकुंडं, चणाडाळ. आणि गहू.

ईस्ट इंडियन (मुंबई-वसई भागातला जुना मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज) आणि वसईकडच्या अनेक घरांत वर्षाच्या मसाल्यात भाजलेले गहू घालतात, त्याने मसाल्याला दाटपणा येतो. प्रमाण घराघरांत वेगळं, काही घरांत घालतही नाहीत. पण विचारल्याशिवाय कळत नाही, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तो मसाल्याचा भाग वाटतो, धान्य वाटत नाही. आता आम्ही गव्हाऐवजी भाजलेले तांदूळ घालतो. पोरीची बाटली वेगळी, तिच्या बुचाला हिरवी दोरी. मेतकूट आणि भाजणी यांतही गहू असू शकतात, कोणाकडून आलेलं असेल तर विचारा.

हिंगाचंही असंच. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, म्हणजे हिंगाच्या डिंकात पीठ मिसळलेलं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. स्ट्यूला हिंग लागत नाही, पण घरात एकच डबी असते आणि तोच चमचा सगळीकडे फिरतो.

गिरणी हा सगळ्यात कठीण मुद्दा. तांदूळ स्वतः निर्दोष, पण ज्या जात्यातून तुमच्या आधीच्या बाईचे दहा किलो गहू निघाले त्याच जात्यातून तुमचे तांदूळ निघतात. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. गिरणीच्या जात्यात राहिलेलं चिमूटभर गव्हाचं पीठ ती मर्यादा सहज ओलांडतं. मी तांदूळ निवडून, धुऊन, पंख्याखाली वाळवून घरच्या मिक्सरवर दळते आणि मैद्याच्या चाळणीला हात न लावता वेगळ्या चाळणीने चाळते. स्ट्यूला लागतं ते थोडंच. ज्यांच्याकडे घरघंटी आहे आणि तीत फक्त तांदूळ-ज्वारी दळणं शक्य आहे, त्यांचं काम सोपं.

बाटल्यांबद्दल थोडक्यात. सोया सॉसमध्ये गहू असतो. स्टाउट बिअर घालून केलेला स्ट्यू आयर्लंडमध्ये आवडीने खातात, पण ती बिअर जवाची असते, इथे चालणार नाही. वूस्टरशर सॉस विलायतेत जवाच्या माल्ट व्हिनेगरचा असतो आणि अमेरिकेत साध्या व्हिनेगरचा, त्यामुळे एकाच नावाच्या बाटलीवर दोन देशांत वेगळे घटक दिसतात. लेबल वाचा. स्टॉकच्या वड्यांमध्ये पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, हाडं घातली तर त्यांची गरजच नाही. आंबटपणासाठी ताडीचं किंवा उसाचं व्हिनेगर उत्तम.

लाकडी पळी नवी घ्या. जुन्या पळीच्या भेगांत काय काय बसलेलं असतं ते धुऊन निघत नाही.

नातेवाईक म्हणतात, "आमच्या वेळी असले आजार नव्हते." होते. पोरं अशक्त होऊन जायची, कारण कळत नव्हतं. नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर गव्हाशी त्याचा संबंध दाखवून दिला. "एक घास खाल्ल्याने काय होतं?" याला माझं उत्तर एवढंच की त्या घासाने तिचं आतडं आतून सुजतं, आणि मग जेवलेलं लोह अंगी लागत नाही. तिचं हिमोग्लोबिन आठवर आलं होतं तेव्हा ते मी पाहिलं आहे. स्ट्यू तिच्यासाठी नुसता सणाचा पदार्थ नाही, लाल मांसातलं लोह शरीर चांगलं शोषतं म्हणून तो आमच्या घरी महिन्यातून दोनदा होतो.

मग कोणी काय निवडावं?

वेळ आहे आणि पोटरीचं मांस, हाडं मिळताहेत: पातेलं, तीन तास, आटवलेला रस्सा आणि शेवटी एक बटाटा मोडून. माझी पहिली पसंती हीच, आणि बाहेरचं काही येत नाही म्हणून धोकाही सगळ्यात कमी.

कुकर लावायचा आहे: घरी दळलेलं तांदळाचं पीठ, झाकण उघडल्यावर. घरातल्या इतरांनाही फरक कळणार नाही, म्हणजे दोन वेगळी भांडी करावी लागत नाहीत. सिलिॲकच्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे. वेगळ्या डब्यातलं जेवण तिने शाळेत पुष्कळ खाल्लं आहे.

डबे भरून गोठवायचे: साबुदाणा, बटाटा नंतर. पाहुणे दारात आणि रस्सा पातळ: कॉर्नफ्लोअर, पाकिटावरचं लेबल बघून. ज्वारी ज्यांना भाकरीची आवड आहे त्यांनी एकदा करून बघावी, पण पाहुण्यांवर पहिला प्रयोग करू नका.

अजून ज्यांची तपासणी झालेली नाही, नुसता संशय आहे, त्यांनी हे सगळं वाचून लगेच गहू सोडू नये. गहू बंद केल्यावर तपासणी केली तर ती खोटी चांगली येऊ शकते. आधी डॉक्टर, मग स्वयंपाकघर.

पावाच्या जागी आमच्याकडे आता तांदळाची भाकरी असते, सणाला सान्ना (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या). फुगे मी तांदळाच्या पिठाचे करून पाहिले, फुगले नाहीत, सोडून दिले. भाकरी वेगळ्या तव्यावर, तो तवा खुंटीवर उंच टांगलेला असतो म्हणजे चपातीसाठी कोणी चुकून उतरवत नाही. या नाताळला पोर स्वतः मांस परतणार आहे. मूठभर, एका वेळी मूठभर, असं ती आत्ताच मला ऐकवते.